अप्पा, कॅल्शियम पाण्यातलं होतं

अप्पा, हे वाक्य मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. लॅबमध्ये, सगळ्यांच्या देखत. तुमच्यावर ओरडले तेव्हा कुठं मी कोपरा शोधला होता? तेव्हा माझा आवाज पार पॅसेजमध्ये ऐकू गेला होता. आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हा म्हणे घसा बसला. आता तुम्ही नाही, तुमचं स्टूल तेवढं आहे, आणि मी त्याच्याकडं बघून पुटपुटत बसते. आपल्या वर्गातला अझर काल म्हणाला, "सारिका, घर जा, आराम कर." त्याला काय ठाऊक मला आराम कशानं पडेल ते.

एम.एस्सी.च्या पहिल्या दिवशी तुम्ही वर्गात आलात तेव्हा आम्ही सगळे खाडकन उभे राहिलो होतो. पांढरा शर्ट, साठीला टेकलेलं वय, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे. आम्हाला वाटलं, नवे सर. तुम्ही मागं वळून बघितलंत, आपल्या पाठीमागं कोण मोठं माणूस आलंय म्हणून. मग सरळ माझ्या बाकावर येऊन म्हणालात, "सरक की जरा, मगळे." मगळे म्हणजे 'अगं पोरी', हे मला मी सोलापुरात जिच्याकडं राहते त्या शुक्रवार पेठेतल्या आत्यानं सांगितलं. मी मोहोळकडची, मला कानडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

भवानी पेठेत तुमचं चादरी-टॉवेलचं दुकान. बी.एस्सी. झाल्या झाल्या त्या दुकानात बसावं लागलं, आणि पोरगं हाताशी आल्यावर तुम्ही राहिलेलं शिक्षण पुरं करायला निघालात. तेही नॅनोमटेरियल आणि ऊर्जा हा विषय घेऊन! सरांनी विचारलं, हाच का? तुम्ही म्हणालात, "लोडशेडिंगमधी गल्ल्यावर बसून एकच इचार केला सर. वीज येती तवा धो धो येती, जाती तवा ठार जाती. मदल्या येळंला ठिवायची कुटं?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. आमचा अख्खा अभ्यासक्रम तेवढ्या एका प्रश्नावर उभा आहे, हे त्यांना माहीत होतं. मला ते पुढच्या सेमिस्टरला कळलं.

आणि तुमचा तो सेमिनार. नॅनो म्हणजे काय, हे आम्ही सगळ्यांनी पुस्तकातनं घोकून सांगितलं. तुम्ही खडू हातात धरलात आणि म्हणालात, "शेंगाची चटणी बगा. अख्खा दाणा किती बी भाजा, तेल सोडत न्हाई. उखळात घाला, कुटत ऱ्हावा. जितका बारीक तितकं तेल भाईर. दाणा त्योच, वजन त्येवढंच, पर अंग मोकळं झालं की त्यो देतो. नॅनो म्हंजे ह्येच की." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र फणकाऱ्यानं म्हटलं, "अप्पा, हे उदाहरण परीक्षेत चालणार नाही." तुम्ही म्हणालात, "परीक्षेत नगं. जेवताना चालंल."

असं आपलं कायम जुंपलेलं. बॅटरी मोठी की झटक्यात वीज साठवून झटक्यात देणारा आपला सुपरकपॅसिटर, हे भांडण तर मिटायचं राहूनच गेलं. तुम्ही म्हणायचात, बॅटरी म्हणजे लग्नातला पाव्हणा, जेवायला बसला की उठत नाही आणि उठला की सुस्तावतो. आपला कपॅसिटर च्या पितो आणि लगेच कामाला लागतो. मी म्हणायचे, चहावर कितीसं काम होतंय अप्पा, घटकेत दमतो तो. तुम्ही बोट वर करून म्हणायचात, "साकु! पुरे! उद्या सांगतो तुला." दुसऱ्या दिवशी खरंच काहीतरी नवं शोधून यायचात.

सरांनी प्रोजेक्टला आपली जोडी लावली तेव्हा मी घरी जाऊन आत्यापुढं तणतणले होते. वर्गात पहिली येणारी मी, आणि माझ्या गळ्यात हे म्हातारं! हे तुम्हाला कधी कळलं नसेल अशी माझी आशा आहे. तसं काम सोपं, पण जीव खाणारं. स्टीलची छोटी पट्टी एका बीकरातल्या द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा पाण्यात धुवायची. असं करत करत पट्टीवर मँगनीज ऑक्साइडचा थर चढतो. डोळ्यांना नुसता तपकिरी डाग दिसतो, पण वीज साठवायची ती त्यातच. बुडवायचं काम तुमचं, कारण तुमच्या हाताला घाई नव्हती. "वंदु, यरडु, मूरु" करत तुम्ही कानडीत मोजायचात आणि मोजता मोजता मलाही कानडी आकडे आले. धुण्याचं पाणी बदलायचं काम माझं. हे मी मुद्दाम लिहितेय. पाणी माझ्याकडं होतं.

पट्टी तपासायला बाहेरगावी पाठवली. तिथं नंबर लागायलाच किती दिवस गेले, मग रिपोर्ट आला. मँगनीज, ऑक्सिजन, आणि मधेच घुसलेलं कॅल्शियम. त्याचं आपल्या पट्टीत काही काम नव्हतं. त्या घाणीपायी थर चार्जही धड धरत नव्हता. सर म्हणाले, कुठून आलं ते शोधा. मला शोधायची गरजच वाटली नाही. मी तुमच्या कपाळाकडं बघितलं.

तुम्ही बीकरवर वाकायचात. घाम यायचा. वाळलेलं भस्म कधीतरी झडत असणारच. गोवरीची राख ती, राखेत कॅल्शियम असतं. झालं, माझा निकाल लागला. मी काय म्हटलं ते मला शब्द न् शब्द आठवतंय: "अप्पा, ही लॅब आहे, देऊळ नाही. तो चुना पुसून आत येत जा." भस्माला चुना म्हटलं मी. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला, चारचौघांत.

तुम्ही चष्मा काढलात, शर्टाच्या टोकानं पुसलात, पुन्हा घातलात. मग म्हणालात, "व्हय की. राखंत कॅल्शियम असतंय." बस, एवढंच. अहो, चार शब्द सुनवायचे होते की मला! तुम्ही दुकानात गिऱ्हाइकाला तोडीस तोड उत्तर देणारे, तुम्हाला काय जड होतं? पण तुम्ही माझ्या बोलण्यातली सगळी विषारी भाषा बाजूला ठेवलीत आणि त्यातलं रसायन तेवढं ऐकलंत.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या कपाळानं आलात. अझरनं विचारलं, "अप्पा, क्या बात है, आज माथा खाली?" तुम्ही म्हणालात, "माल संपला." तो हसला. मला हसता आलं नाही. इतकी वर्षं भस्म लावून तिथली कातडी फिकट पडली होती. पुसलं तरी तीन पट्टे दिसतच होते. मी खाली मान घालून पाणी बदलत राहिले.

आणि त्या सोमवारी तुम्ही डबा उघडून माझ्यापुढं सरकवलात. कडक भाकरी आणि काकूंनी कुटलेली शेंगाची चटणी, तेल सुटलेली, लालभडक. "खा मगळे. तुजं सॅम्पल माज्यापायी गेलं." मी खाल्ली. तेव्हा मला खरंच वाटत होतं की चूक तुमची आहे. त्या पहिल्या चटणीचा मला त्रास होत नाही. पुढच्या सगळ्यांचा होतो.

मग तुम्ही भावाच्या मुलाच्या लग्नाला अक्कलकोटला गेलात आणि दुसरी पट्टी मी एकटीनं केली. तुम्ही नाही, तुमचं कपाळ नाही, भस्म नाही. रिपोर्ट आला तर पुन्हा कॅल्शियम. मी त्या कागदाकडं बघतच बसले. मग उठून बेसिनपाशी गेले. धुण्याचे बीकर पालथे घातले होते, त्यांच्या आतून पांढरा थर धरला होता. आत्याच्या बंबाला धरतो तसाच. सोलापुरात राहणाऱ्या कुठल्याही बाईनं बघता क्षणी सांगितलं असतं, हा नळाच्या पाण्याचा क्षार आहे.

कोपऱ्यात दोन पांढरे कॅन होते, एकसारखे. नळाला पाणी चार-सहा दिवसांनी येणार, म्हणून भांडी धुवायला एकात नळाचं पाणी भरून ठेवलेलं. दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर. डिस्टिल्डच्या कॅनच्या झाकणावर धूळ बसली होती. कित्येक दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता. मी पहिल्यापासून घाईघाईत पुढचा कॅन ओढत होते. पट्ट्या मी नळाच्या पाण्यानं धूत होते, अप्पा.

अजून एक. मी पहिला रिपोर्ट परत काढून बघितला. त्यात सिलिकॉन नव्हतं. गोवरीच्या राखेत सिलिकॉन असतंच. राख पडली असती तर दोन्ही दिसलं असतं. पहिल्या वर्षाच्या पोराला सुचावं एवढं साधं. पण मला उत्तर आधीच मिळालं होतं ना, तुमच्या कपाळावर! मग बाकीचा कागद कोण वाचतंय.

त्या क्षणी तुम्हाला फोन लावायचा होता. नाही लावला. सरांना सांगितलं की दुसऱ्या पट्टीचा थरच निघून आला, आणि मुकाट्यानं तिसरी करायला घेतली. तोवर तुम्ही परत आला होतात. तुम्ही बुडवत होतात, मी धूत होते, ह्या वेळी दुसऱ्या कॅनमधलं पाणी घेऊन. रिपोर्ट आला, स्वच्छ. चार्जही छान धरत होता. आणि तुम्ही, अप्पा, तुम्हीच, लहान पोरासारखे खूश होऊन सगळ्या लॅबला सांगत सुटलात, "बगा, भस्म पुसलं आन् कॅल्शियम गेलं! पोरीनं बरूबर पकडलंतं!"

सरांनी माझी पाठ थोपटली. लॅबच्या दारावर पाटी लावायचं ठरलं. तुमचं अक्षर दुकानाच्या पाट्या रंगवून रंगवून सुंदर झालेलं, म्हणून ती पाटी लिहायला सरांनी तुम्हालाच सांगितली. 'कपाळाला भस्म, अंगारा, गंध लावून आत येऊ नये.' तुम्ही जीभ दातात धरून एकेक अक्षर काढत होतात आणि मी शेजारी उभी राहून फूटपट्टी धरली होती, ओळ सरळ यावी म्हणून. मी तेव्हा बोलले असते तरी चाललं असतं. ब्रश तुमच्या हातात होता, पाटी अर्धीच झाली होती.

का नाही बोलले? कारणं सांगायला बसले तर भरपूर आहेत आणि सगळी फालतू आहेत. सरांनी नुकतं कौतुक केलं होतं. तोंडी परीक्षा जवळ आली होती. मला वाटलं, परीक्षा झाली की निवांत सांगू, तुम्ही हसाल, "आयला, पाण्यानं खेळ केला की" म्हणाल. खरं सांगू? मला चूक कबूल करता येत नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि तुम्ही रागावला असतात तर कदाचित मी भांडता भांडता खरं बोलूनही गेले असते. तुमच्या चांगुलपणानं माझी सोय केली.

दर सोमवारी चटणी येत राहिली. तुम्ही रोज सकाळी लॅबच्या इमारतीच्या दारातल्या नळापाशी रुमाल ओला करून कपाळ पुसत राहिलात, नळाला पाणी नसेल तर बाटलीतल्या पाण्यानं. मी वरच्या खिडकीतनं बघायचे आणि तुम्ही जिना चढून यायच्या आत कामाला लागल्यासारखं करायचे. शेवटच्या सोमवारी मी काय म्हटलं आठवतंय? "अप्पा, काकूंना म्हणावं, लसूण जरा कमी घाला. तोंडाला वास येतो." तुमच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य हे आहे. तुम्ही म्हणालात, "सांगतो की." दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात टॉवेलची घडी घालता घालता तुम्ही मान टाकलीत.

आम्ही सगळे आलो होतो. तुमच्या लिंगायतांत बसवून पुरतात हे मला माहीत होतं, पण बघितलेलं नव्हतं. तुम्हाला फुलांच्या माळांत बसवलं होतं, पाठ ताठ, मान किंचित पुढं. स्टुलावर बसून पट्टी बुडवताना बसायचात तसेच बसला होतात. स्वामी रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर भस्म ठेवत होते. माझ्याही हातावर ठेवलं आणि म्हणाले, "लाव बाळ." मला वाटलं, पळून जावं. मग तीन बोटं तुमच्या कपाळावर ठेवली. ती त्या फिकट पट्ट्यांवर बरोबर बसली, पण ओढताना पट्टा वाकडा गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, पुढं चला." मी पुढं गेले.

घरी जाऊन हात धुवावेसे वाटेनात. आत्या म्हणाली, अंघोळ कर. मी तशीच बसले आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडले. तुम्ही गेलात म्हणून रडले की तुम्ही स्वतःला दोषी समजत गेलात म्हणून, ते मला वेगळं करता येत नाही.

चार दिवसांनी सरांकडं गेले. सगळं सांगितलं, कॅन, क्षार, दुसरा रिपोर्ट, थर निघून आल्याची थाप. ते रागावले नाहीत लगेच. पहिला रिपोर्ट मागवून घेतला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाले, "सिलिकॉन आहे की नाही ते मीही बघितलं नाही, सारिका." मग मात्र रागावले, चांगलेच. प्रबंधात जसं झालं तसं लिही म्हणाले, आणि दारावरची पाटी काढ म्हणाले. मी ती काढली. पण तुमचं अक्षर हो ते, टाकवेना. माझ्या टेबलाच्या खणात पालथी ठेवली आहे.

काकूंना सांगायचं राहिलं होतं. भवानी पेठेत तुमच्या घरी गेले, दुकानाच्या वरच. काकूंनी पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आत त्या आत गेल्या आणि एक पुडा आणून माझ्या मांडीवर ठेवला. ओळखीचा वास आला.

"तुज्या वाट्याची," काकू म्हणाल्या. "त्या सोमवारी सांजच्याला आल्या आल्या म्हनले, लसूण कमी घालून कुट, पोरीला वास येतुया. रातीच कुटून ठिवली. म्हनायचे, पोरगी हुशार हाय, मीच तिच्या कामात राख कालवली. तिचं पुरं होईस्तवर सोमवार चुकवायचा न्हाई."

मग मी सांगितलं. मांडीवर पुडा तसाच होता. पाण्याचं सांगितलं, माझ्या हाताचं सांगितलं, मला केव्हा कळलं तेही सांगितलं. काकू रडल्या नाहीत. रडल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"लगीन झाल्यापास्नं ह्यो माणूस भस्माबिगर उंबऱ्याभाईर पडला न्हवता," त्या म्हणाल्या. "तितल्या नळावर पुसायचे म्हनं. मला सांगताना हसायचे." मग विचारलं, "त्येंला ठाव होतं? पाण्याचं?"

मला खोटं बोलता आलं असतं, अप्पा. माहीत होतं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, मलाही. मी म्हटलं, "नाही काकू. मी सांगितलंच नाही."

काकूंनी हात पुढं केला आणि माझ्या मांडीवरचा पुडा उचलून घेतला. आत नेऊन फळीवर ठेवला. मी उठले. म्हटलं, आता ह्या घराची पायरी संपली. चपला घालत होते तर आतून आवाज आला.

"सोमवारी ये."

मी मागं वळले.

"आता तू कुटून आणायची. दर सोमवारी. हितं त्येंच्या फोटोम्होरं ठिवायची, मग मी खाईन." त्या दारापर्यंत आल्या. डोळे कोरडेच होते. "आन् लसूण भरपूर घाल. त्येंला लसूण लई लागायचा."

उद्या सोमवार आहे. आत्याच्या उखळात शेंगा कुटायला घेतल्यात. लसूण सोलून सोलून बोटं चुरचुरतायत, आत्या म्हणते एवढा कुणी घालतं का. दाणा पार बारीक झालाय, पण तेल काही अजून सुटलेलं नाही, अप्पा. कुटतेय.